जकातनाका टाळणारी वाट



विहारात तुम्ही पंचशील ग्रहण करता. त्यातले दुसरे शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचे आहे. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खिसेकापू येतो, घरफोड्या येतो. पण असा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणा, ज्याने कुणाचे कुलूप फोडले नाही. एका देशात त्याने धंदा केला, तिथल्या रस्त्यांवरून माल नेला, तिथल्या शाळांत शिकलेले कामगार राबवले, आणि नफा मात्र दूरच्या देशातील एका कागदी कंपनीच्या नावे लिहिला. तिथे त्या नफ्यावर कर नाही. वकील सांगतो, सारे कायद्याला धरून आहे. या गृहस्थाचे दुसरे शील शाबूत राहिले काय?

तुम्ही म्हणाल, हा कोट्यधीशांचा प्रश्न. आमच्या चाळीत त्याचे काय काम? म्हणून आधी एक साधा दाखला घेऊ. एका गावाने वर्गणी काढून विहीर खणली. दरवर्षी गाळ काढायला ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यायची असे ठरले. ज्याची बागाईत मोठी, त्याची मोट सर्वांत मोठी. पण वर्गणीचा दिवस उगवला की तो म्हणतो, मी शेजारच्या गावचा रहिवासी. तिथल्या एका पडवीवर माझ्या नावाची पाटी आहे. मजुराला अशी पाटी लावता येत नाही. त्याची वर्गणी साबण-तेल घेतानाच कापली जाते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे नगरपालिकेचे, सार्वजनिक होते. सार्वजनिक वस्तूवरील हक्क आपण असा लढून मिळवला. ज्या शिष्यवृत्तीवर, वसतिगृहावर, सरकारी दवाखान्यावर आपली कितीतरी घरे उभी राहिली, ती सारी करातून चालतात. पूर्वी आपल्याला पाण्याला शिवू दिले नाही. आज पाणी खुले आहे. पण मोठ्या मोटांनी वर्गणी चुकवली आणि विहीर गाळाने भरली, तर खुल्या विहिरीचा हक्क घेऊन आपण काय करणार?

आता पनामाकडे वळू. अमेरिका खंडातील हा छोटा देश कालव्यासाठी प्रसिद्ध आहे. देशाबाहेर मिळवलेल्या उत्पन्नावर तो कर घेत नाही. तिथे कंपनी काढणे सोपे, आणि तिचा खरा मालक कोण हे झाकणे बराच काळ त्याहून सोपे होते. अशा देशांना वर्तमानपत्रे करनंदनवन म्हणतात. या पनामाशी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी २००७ साली मुक्त व्यापार करार केला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकन काँग्रेसने त्याला मंजुरी दिली. सिनेटमध्ये ७७ मते बाजूने पडली, २२ विरुद्ध.

तिथला वाद नीट समजून घ्या. कराराच्या बाजूचे म्हणत होते की आयात शुल्क उतरेल, आपल्या कारखान्यांचा माल खपेल, आणि खातेदारांची माहिती देण्याचा वेगळा करार पनामाने २०१० सालीच केला आहे. विरोधकांत सिनेटर बर्नी सँडर्स होते. त्यांचे म्हणणे असे की पनामाची अर्थव्यवस्था एवढी लहान आहे की तिथे माल विकून अमेरिकेत रोजगार वाढणार नाही. उलट श्रीमंतांना कर चुकवण्याची वाट अधिक मोकळी होईल. अशा करारात केवळ मालाला नव्हे, पैशालाही मुक्त संचार मिळतो आणि पुढे त्यावर निर्बंध घालताना सरकारचे हात बांधले जातात, अशी भीती बोलून दाखवली गेली. करार ३१ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला.

३ एप्रिल २०१६ रोजी पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे जगभरच्या पत्रकारांनी उजेडात आणली. त्यांत २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे होती. आइसलँडच्या पंतप्रधानांना पद सोडावे लागले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या कंपन्या त्या व्यापार करारामुळे जन्मल्या नव्हत्या. ती पेढी १९७७ पासून हेच काम करीत होती. आणि जून २०२४ मध्ये पनामाच्या न्यायालयाने या प्रकरणातील २८ आरोपींना निर्दोष सोडले. कागदपत्रांत नाव आले म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही.

आपल्या देशातही ही वाट होती. दुहेरी कर पडू नये म्हणून भारताने मॉरिशसशी १९८२ साली करार केला. त्यानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतातले समभाग विकून मिळवलेल्या नफ्यावर भारत कर घेऊ शकत नव्हता, आणि मॉरिशस तर असा कर घेतच नसे. दुहेरी कर टाळायला निघालेला करार एकही कर न देण्याची सोय बनला. आझादी बचाओ आंदोलनाच्या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सोय बेकायदेशीर नाही असा निकाल दिला. परकीय भांडवल यावे म्हणून गरीब देश अशा गोष्टी चालू देतात, हेही नमूद केले. अखेर २०१६ साली करार दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर भारताला कराचा हक्क मिळाला.

म्हणजे कायद्यापाशी दोनच उत्तरे आहेत, गुन्हा आहे किंवा नाही. धम्मापाशी तिसरे उत्तर आहे. विनयपिटकात चोरीच्या नियमाचा खुलासा करताना जकातनाक्याचा विषय येतो. राजाने घाटात, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीवर नाका बसवला आहे. भिक्खूने चोरीच्या हेतूने पाच मासे किंवा अधिक किमतीचा माल जकात न देता नाक्यापलीकडे नेला, तर तो पाराजिक. तो भिक्खू उरत नाही. पण नाक्यावर न जाता त्याने आडवाटेने जकात टाळली तर? तो पाराजिक नाही. मात्र निर्दोषही नाही. त्याला दुक्कट म्हटले आहे, म्हणजे वाईट केलेले कर्म.

बंधूंनो, हा नियम भिक्खूंचा आहे, पण त्यातला विवेक गृहस्थालाही लागू पडतो. नाका फोडणे आणि नाका टाळणे यांत फरक आहे. जो तो फरक पुसून प्रत्येकाला चोर म्हणतो, तो अन्याय करतो. पण नाका टाळला म्हणून हात स्वच्छ राहिले असे जो म्हणतो, तो स्वतःला फसवतो. अनाथपिंडिकाला उपदेश करताना तथागतांनी, कष्टाने आणि धम्माने मिळवलेल्या संपत्तीच्या योग्य उपयोगांत राजबलीची, म्हणजे कराची, गणना केली आहे. तिथे कराला दंड मानलेले नाही.

कोणी विचारील, सरकार पैसा उधळते, मग कर का द्यावा? उधळपट्टीविरुद्ध बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे, मत आहे, सभा आहे. त्या काळी कर राजा बसवीत असे. आज संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याशिवाय कोणताही कर बसवता येत नाही. म्हणजे ही आपणच निवडलेल्या सभेने ठरवलेली वर्गणी आहे. दुसरा कोणी विचारील, छोट्या बेटांनी मग पोट कसे भरावे? प्रश्न खरा आहे. पण दुसऱ्याच्या विहिरीचा गाळ वाढवून आपली पडवी भाड्याने देणे ही सम्यक आजीविका नव्हे. व्यापाराला दार उघडावे. पण त्याच दारातून हिशेबही बाहेर दिसला पाहिजे. जो करार पैशाला वाट देतो आणि तपासाची नजर अडवतो, तो मुक्त व्यापाराचा नव्हे, मुक्त लपवाछपवीचा करार होय.

शेवटी आपल्या घराकडे या. तुमचा मुलगा उद्या हिशेबनीस होईल, मुलगी वकील होईल, दोघे मोठ्या पेढीत बसतील. करातून चाललेल्या शाळेत ती शिकलेली असतील. एके दिवशी त्यांच्यापुढे आडवाटेचा कागद येईल आणि साहेब म्हणतील, यात बेकायदेशीर काही नाही. त्या वेळी पगार, बढती, घराचे हप्ते, सारे पणाला लागलेले असेल. त्यांना काय सांगाल, हे आजच घरात बोलून ठेवा.

निर्दोष आचरणाच्या सुखाला तथागतांनी अनवज्जसुख म्हटले आहे आणि गृहस्थाच्या चार सुखांत त्याला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. हे सुख कोणत्याही बेटावरच्या खात्यात ठेवता येत नाही. ते रोजच्या सहीत कमवावे लागते.

जय भीम!