एक चिठ्ठी आणि लोकलचा पास



गेल्या महिन्यात तरुणांच्या सभेत एका मुलाने अचानक विचारले, "फादर, कोरोनाच्या काळात माझे बाबा आणि त्यांचे मित्र खोटं ओळखपत्र दाखवून लोकलने जायचे. ते पाप होतं का?" सभेत थोडा हशा पिकला. मुलाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे होते आणि माझ्याकडे वेळ पाच मिनिटे होती. मी काहीतरी बोलून वेळ निभावून नेली. ते उत्तर मला स्वतःलाच पटलेले नव्हते, म्हणून आज हे लिहीत आहे.

ज्यांना तो काळ आता धूसर आठवतो त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून मुंबईची उपनगरी रेल्वे प्रवाशांसाठी बंद झाली. त्याआधी रोज पाऊण कोटीच्या आसपास माणसे या गाड्यांनी ये-जा करत होती. १५ जूनला काही गाड्या सुरू झाल्या, पण फक्त 'अत्यावश्यक सेवे'तील कर्मचाऱ्यांसाठी. बाराशे आसनांच्या गाडीत सातशेच माणसे बसवायची, असे ठरले होते. पुढे यादी हळूहळू वाढत गेली. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर प्रवासाची मुभा मिळाली. सर्वसामान्य पुरुषांना मात्र १ फेब्रुवारी २०२१ उजाडेपर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही वेळा अशा की पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहा ते सहा नोकरी करणाऱ्याने त्यातून काय निवडायचे? एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि तेही दार पुन्हा लागले.

आता मूळ गोष्ट. सप्टेंबर २०२० मधली आहे. चर्च बंद होते, मिस्सा मोबाईलवर चालली होती, आणि धर्मग्रामाच्या कचेरीतून आम्ही गरजू कुटुंबांना धान्य वाटत होतो. आपल्यापैकीच एक गृहस्थ, पन्नाशीचे, लोअर परळला एका छापखान्यात कामाला. जूनमध्ये 'पुनश्च हरिओम' झाल्यावर छापखाना उघडला होता. मालकाने निरोप पाठवला, येणार असाल तर या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. हे गृहस्थ पहाटे साडेचारला उठत, बोरिवलीहून दोन बस बदलत आणि अडीच तासांनी कामावर पोहोचत. संध्याकाळी तेवढाच वेळ परत. लोकलने हाच प्रवास तासाभराचा. मार्चमध्ये काढलेला पास घरात तसाच पडून होता.

ते कचेरीत आले, टेबलापासून दूर उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, एक चिठ्ठी द्याल का? लेटरहेडवर. मी चर्चच्या धान्यवाटपात काम करतो, एवढंच लिहा. शिक्का मारा. पुढचं मी बघतो."

यात अडचण अशी की वाक्य पूर्ण खोटे नव्हते. दोन शनिवारी त्यांनी खरोखरच गोणी उचलल्या होत्या. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला या युक्तीचे नाव शिकवले होते. मनात अर्धे वाक्य राखून उरलेले अर्धे बोलायचे, म्हणजे तोंडाने खोटे बोललो असे होत नाही. सतराव्या शतकात या युक्तीचे इतके प्रकार निघाले की १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांना तिचा निषेध करावा लागला. ते सगळे मला पाठ होते. मी म्हणालो, "तुम्ही आमच्याकडे नोकरीला नाही. चिठ्ठी वाचणाऱ्याचा समज तसाच होईल आणि तो व्हावा म्हणूनच आपण ती लिहिणार. मला हे करता येणार नाही." ते "बरं, फादर" म्हणाले आणि गेले. रागावले नाहीत. मला त्या रात्री झोपही चांगली लागली.

आज तीच चिठ्ठी कोणी मागितली तरी मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. धर्मग्रामाच्या शिक्क्याला काही किंमत आहे ती त्याच्याखालचे खरे असते म्हणून. एक खोटी चिठ्ठी पकडली गेली की पुढच्या खऱ्या चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्या दिवसांत खऱ्या चिठ्ठ्यांचीही गरज पडत होती. पण प्रश्न इथे संपत नाही. त्या मुलाचा प्रश्न चिठ्ठी देणाऱ्याविषयी नव्हता, प्रवास करणाऱ्याविषयी होता.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत अनेकांना वाटते त्यापेक्षा बरीच धीट आहे. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात स्पष्ट म्हणतो की गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा मार्ग नसेल, तर उपाशी माणसाने दुसऱ्याच्या साठ्यातून घेतलेली भाकर ही चोरीच नव्हे. कारण देवाने पृथ्वी सर्वांसाठी दिली, मालकीहक्काची वाटणी नंतर माणसांनी केली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली हाच विचार पुन्हा मांडला. आणि प्रभू येशूनेही परूशांना दावीदाची आठवण करून दिली नव्हती का? भुकेल्या दावीदाने आणि त्याच्या सोबत्यांनी फक्त याजकांनीच खायच्या समर्पित भाकरी खाल्ल्या. ती यादीही 'अत्यावश्यक'च होती, आणि दावीद तिच्यात बसत नव्हता.

तर मग छापखान्यातल्या गृहस्थांना दावीदाचा न्याय का नको?

तेव्हा माझ्या मनात उत्तर तयार होते. अक्वायनसची भाकर कोणाच्या तरी कोठारात जास्तीची पडलेली असते. ती घेतल्याने कोणी मरत नाही. गाडीतली जागा तशी नव्हती. सातशेच्या जागी नऊशे माणसे बसली तर जास्तीचे काही घेतले जात नव्हते. घेतली जात होती ती समोर बसलेल्या वॉर्डबॉयची, सफाई कामगाराची सुरक्षितता, आणि तीही त्यांना न विचारता. गरिबाने गरिबाकडून घेतलेली. या युक्तिवादात चूक नाही असे मला अजूनही वाटते. लस निघालेली नव्हती आणि माणसे मरत होती. कोणालातरी बाहेर ठेवणे भाग होते. पाऊण कोटी माणसे सहा-सहा फुटांवर बसवता येतील अशी रेल्वे जगात कुठेच नाही.

पण युक्तिवाद बरोबर असूनही माझे एका गोष्टीकडे लक्ष गेले नव्हते. ते गृहस्थ लोकलमध्ये नव्हते, म्हणजे घरी नव्हते. ते बसमध्ये होते. तिथेही माणसेच होती, तेवढ्याच जवळ आणि दुप्पट वेळ. धोका नाहीसा झाला नव्हता, रुळांवरून रस्त्यावर आला होता. ज्याच्याकडे स्वतःची गाडी होती तो काचा लावून द्रुतगती मार्गाने कामावर जात होता आणि त्याला कोणी ओळखपत्र विचारत नव्हते. सरकारने छापखाना उघडू दिला, मालकाने माणूस बोलावला, आणि त्या दोन टोकांमधली वाट मात्र बंद. यादीत कोणाचे नाव नसणे हा अन्याय नव्हता. नाव नसलेल्याने तरीही दहा वाजता हजर राहिलेच पाहिजे, हा अन्याय होता. त्याचा हिशेब मालकाकडे मागायला हवा होता, नियम करणाऱ्यांकडे मागायला हवा होता. तो मागितला गेला रेल्वेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे.

'अत्यावश्यक' या शब्दाबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो की वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेच्या बदल्यात दुसरे काही ठेवता येत नाही. संकटात कामांची क्रमवारी लावावी लागते, त्याला इलाज नाही. परिचारिका आधी, छापखाना नंतर. पण महिनोन्महिने तो शब्द कानावर पडला की क्रमवारी कामांची आहे हे विसरायला होते आणि ती माणसांचीच वाटू लागते. एका तरुणाने मला त्या काळी सांगितले होते, "फादर, मी नॉन-इसेन्शियल आहे." विनोदानेच म्हणाला. पण कामाविषयी बोलत असता तर 'माझं काम' म्हणाला असता.

लसीच्या वेळीही असेच झाले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, रविवारी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी लोकल उघडली. अट कागदावर सर्वांना सारखी होती. प्रत्यक्षात मे महिन्यात तरुणांचे लसीकरण लसीअभावी आपल्या राज्यात थांबले होते, आणि कोविशील्डच्या दोन डोसांत किमान बारा आठवडे जायला हवे होते. जूनच्या शेवटी पहिला डोस मिळालेल्या मुलाचा हिशेब ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुरा होत होता. पैसे मोजून खासगी रुग्णालयात घ्यायची तर एका डोसाला सातशे ऐंशी रुपये. आजारापासून बचाव करणारी लस घ्यायलाच हवी होती, मी व्यासपीठावरून तसे सांगतही होतो. पण रांगेत मागे राहिलेला प्रत्येक जण बेफिकीर होता असे नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले तेव्हा हा सगळा हिशेब कोणी कोणाशी मिटवला नाही. गर्दी परतली आणि आपण ती परतली म्हणूनच खूश झालो.

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. तरुणांच्या सभेनंतर आठवड्याभराने ते मला बोरिवली स्थानकावर भेटले. मी वांद्र्याला निघालो होतो. मुलाच्या प्रश्नाची गोष्ट मी त्यांना सहज सांगितली. ते थोडा वेळ गाडीच्या दिशेला बघत राहिले आणि म्हणाले, "मीही गेलो होतो, फादर. तुम्ही नाही म्हणालात, त्यानंतर दोन महिने बसने काढले. मग गुडघा सुजला. कामावरच्या एकाने कार्ड करून आणलं, एका हॉस्पिटलचं. फुकट नाही हं गेलो, पास रीतसर काढला होता." आणि मग, "कबुली दिली मी त्याची. पण तुमच्याकडे नाही आलो. दुसऱ्या चर्चला गेलो." (हे त्यांनी फलाटावर सांगितले आहे, पापनिवेदनात नाही. नाव न घालता लिहायला त्यांची हरकत नाही, हे मी विचारून घेतले आहे.)

मी विचारले, प्रवासात कसे वाटायचे? "समोर खरोखरचा हॉस्पिटलचा माणूस बसायचा. मान वर करवत नसे."

त्या मुलाला आता मी उत्तर देईन ते असे: खोटे कार्ड दाखवणे चूक होते, तुझ्या बाबांनाही ते ठाऊक होते, म्हणूनच त्यांची मान खाली जात होती. पण ती चूक मोजताना गुडघ्याची सूज, मालकाचा निरोप आणि बंद वाट हे सगळे तराजूत घालावे लागते. तसे केले की तिचे वजन फार उरत नाही.

उरते ते माझे. मी खोटे बोललो नाही. पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आधी एक याजक त्याच वाटेने येतो, जखमी माणसाला बघतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. काही भाष्यकार म्हणतात की रस्त्यावरचा माणूस मेलेला असेल अशी त्याला शंका आली असावी, आणि प्रेताला शिवून याजकाने विटाळू नये असा लेवीय ग्रंथातला नियम होता. म्हणजे त्यानेही कदाचित नियमच पाळला. मी चिठ्ठी नाकारली ते ठीकच. पण मालकाचा नंबर मागितला नाही. फोन करून "यांना आठवड्यातून तीन दिवस येऊ द्या, नाहीतर लांबच्या पाळीला घ्या" असे विचारता आले असते. चर्चने बोलावले तर मालक ऐकतात, निदान एकदा तरी. धान्याच्या यादीत त्यांचे घर आहे का, हेही मी पाहिले नाही. माझे हात स्वच्छ राहिले, आणि एक माणूस कबुलीला दुसऱ्या चर्चला गेला.

एवढ्यात गाडी आली. ते सराईतपणे आत शिरले आणि मला हाताला धरून ओढून घेतले. तिघांच्या बाकावर एकाने सरकून मला चौथी जागा दिली. ते समोर कडी धरून उभे राहिले. बोलण्यासारखे दोघांकडेही काही उरले नव्हते. वांद्रे आले तेव्हा दारापर्यंत पोहोचायची सोय नव्हती. तेव्हा मागून त्यांचाच आवाज आला, "अहो, उतरायचंय त्यांना! जरा जागा द्या, आमचे फादर आहेत!"