बर्फाची राखण

कोलोरॅडो नदीचे बहुतेक पाणी रॉकी पर्वतावरच्या बर्फातून येते. 1922 साली अमेरिकेतल्या सात राज्यांनी ते वाटून घेतले: वरच्या खोऱ्याला दरसाल 75 लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्यालाही तेवढेच. 1944 च्या करारात मेक्सिकोच्या वाट्याला आणखी 15 लाख आले. मूळचे आकडे ठरले नदी भरभरून वाहत होती त्या वर्षांवरून. पण नदीत थेंब उतरण्याआधीच आकाश आपला हिस्सा उचलते आणि तो दरवर्षी सारखा नसतो.

बर्फ म्हणजे हिवाळ्याने उन्हाळ्यासाठी ठेवलेले पाणी, असे आपण समजतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. बर्फ पाण्याची राखणही करते. ताजे बर्फ अंगावर पडलेल्या उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवते. ते लवकर सरले की उघडी माती आणि झाडोरा तेच ऊन शोषून घेतात आणि ओल वाफ होऊन जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत सात किलो बर्फ वितळते. म्हणजे जे ऊन नदी भरते, तेच बर्फ नाहीसे झाल्यावर तिला रिकामी करू लागते. थंड, कोरड्या वाऱ्यात काही बर्फ तर न वितळताच थेट वाफ होते.

मिली आणि डन या संशोधकांनी 2020 साली हा हिशेब मांडला. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की वरच्या खोऱ्यातला प्रवाह सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे ऊन परतवणाऱ्या बर्फाची घट. पुढच्याच वर्षी त्याची झळ जाणवली. 2021 मध्ये बर्फ सरासरीहून फार कमी नव्हते, तरी लेक पॉवेल जलाशयात नेहमीच्या जेमतेम एक-तृतीयांश पाणी आले. तहानलेल्या मातीने आणि तापलेल्या हवेने बाकीचे वाटेतच घेतले. त्या ऑगस्टमध्ये याच नदीवरच्या लेक मीड जलाशयावर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली.

म्हणून दुष्काळाचा दोष फक्त ढगांवर टाकून चालणार नाही. पाऊस-बर्फ तेवढेच पडूनही नदी आटू शकते, आणि त्या आटण्याला आपण जाळलेल्या इंधनाने वाढलेले तापमान कारण आहे. अशा नदीचे ठरावीक आकडे वाटणे म्हणजे नसलेले पाणी वाटणे. त्या वाटणीचा भुर्दंड रांगेच्या शेवटी असलेल्यांना बसतो: मेक्सिकोतला त्रिभुज प्रदेश कित्येक दशके कोरडा पडला, आणि नदीकाठच्या मूलनिवासी जमातींना 1922 च्या चर्चेत बोलावलेच नव्हते. वाटणी करायचीच, तर त्या वर्षी प्रत्यक्ष वाहिलेल्या पाण्याच्या प्रमाणात व्हावी. टंचाईही तशीच सगळ्यांनी वाटून घ्यावी.