आजचे चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक २ – एकच काय ते सांग

आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला दुसरा. अर्जुन म्हणतो, देवा, तुझं बोलणं मिसळलेलं आहे, एकदा हे बरं वाटतं, एकदा ते, आणि त्यानं माझी बुद्धी गोंधळून चाललीय. ज्यानं माझं भलं होईल असं एकच काय ते नक्की करून सांग.

बहुतेक जण हा श्लोक पटकन ओलांडून जातात. पुढे कर्मयोग सुरू व्हायचा असतो, त्याच्या आधीची ही नुसती पायरी. मी मात्र दरवेळी या पायरीवरच बसते. कारण "एकच सांग" हे माझं रोजचं वाक्य आहे. आई सकाळी विचारते, "आज पोहे करू, उपमा करू, की कालची पोळी कुस्करू?" तर माझं उत्तर तेच, "आई, एकच सांग."

आज नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण तो शब्द मला कधी फारसा पटला नाही. स्वतःत मग्न होता आलं असतं तर बरंच झालं असतं! माझी अडचण उलटी आहे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं, आणि सारख्याच जोरात येतं.

दूध आणायला जायचं म्हणा. गाईचं, म्हशीचं, टोन्ड, फुल क्रीम, अर्धा लिटर, लिटर, आणि त्यातही दोन-तीन डेअऱ्या. बाकीच्यांचं बरं असतं. त्यांची सवय दहातल्या नऊ पिशव्या परस्पर बाजूला सारते, त्यांना पत्ताही लागत नाही. माझ्यापुढे दहाच्या दहा पिशव्या शाळेतल्या पोरांसारखा हात वर करून उभ्या. त्यात फ्रीजची घरघर, ट्यूबलाइटचा बारीक आवाज, मागच्या माणसाचं अत्तर, आणि "ताई, पटकन सांगा" ही घाई. दहा मिनिटांत तोंडाला कोरड पडते, हातापायांतलं बळ जातं, आणि शब्द घशाशी येऊन अडकतात. एवढंसं दूध, पण तेव्हा ते एवढंसं राहिलेलं नसतं.

आता पहिल्या अध्यायातले एकोणतिसावा आणि तिसावा श्लोक काढून पाहा. अर्जुन आपली अवस्था सांगतो ती मनापासून नाही, शरीरापासून सुरू होते. गात्रं गळतात, तोंड सुकतं, अंग कापतं, गांडीव हातातून निसटतं, कातडीची आग होते, उभं राहवत नाही आणि मन गरगरतं. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पोथी मिटून बसले होते. इतकं अचूक वर्णन मला डॉक्टरांच्या कागदावरही मिळालं नव्हतं.

कोणी म्हणेल, अर्जुनापुढे भीष्म-द्रोण होते, तुझ्यापुढे दुधाच्या पिशव्या. बरोबर आहे, तुलना प्रसंगाची नाहीच. पण शरीराला प्रसंगाचा आकार कळत नाही, त्याला फक्त भार कळतो. आणि अर्जुन काही मुळात डळमळीत माणूस नव्हता. उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी एका बाजूला अख्खी नारायणी सेना ठेवली आणि दुसऱ्या बाजूला निःशस्त्र असे स्वतःला ठेवलं, तेव्हा यानं क्षणभरही न घुटमळता देवाला मागून घेतलं होतं. असा माणूस ऐन वेळी धनुष्य टाकून खाली बसतो. म्हणजे एक मोठा निर्णय झटकन घेता येणं आणि दुसऱ्या वेळी काहीच न ठरवता येणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. "ऑफिसात एवढे हिशेब करतेस आणि भाजी कोणती आणायची ते कळत नाही?" असं मला विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

एका प्रवचनानंतर एका वडीलधाऱ्या काकांनी मला प्रेमानं समजावलं होतं, "बाळ, देव सांगतात ना, शीत-उष्ण, सुख-दुःख येतं आणि जातं, सोसायला शीक. सवय कर." दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. काका चांगले आहेत, श्लोकही खराच आहे. पण त्याच अध्यायात पुढे अठ्ठावन्नावा श्लोकही आहे, कासवाचा. कासव आपले अवयव आत ओढून घेतं, तशी इंद्रियं आवरणाऱ्याची बुद्धी स्थिर. तिथे देव कासवाला "पाय बाहेरच ठेव, सवय होईल" असं म्हणत नाहीत. ज्ञानोबा माउली तर त्यात आणखी एक गोड गोष्ट घालतात. कासव खुशीत असलं की अवयव पसरतं आणि त्याला वाटेल तेव्हा आवरून घेतं, दोन्ही आपलं आपण. कोणी काठीनं टोचून नाही. मी कानात बोळे घालून बाजारात जाते ते या श्लोकाच्या आधारानं. लोक हसतात, हसोत.

आता आजच्या श्लोकावर माउली काय म्हणतात ते पाहा, मला ज्ञानेश्वरीतली ही जागा फार आवडते. त्यांचा अर्जुन देवाशी जवळजवळ भांडतो. म्हणतो, वैद्यानंच पथ्य सांगायचं आणि मग त्यानंच विष द्यायचं, तर रोग्यानं जगायचं कसं? आणि पुढे विनवतो की देवा, असं गूढ अर्थानं बोलू नकोस, मी जड बुद्धीचा आहे, मला उमजेल असं सरळ मराठीत सांग. संस्कृत श्लोकात अर्थातच मराठी नाही, ती माउलींची भर आहे. सूचक बोलणं, डोळ्यांच्या खुणा, "तू समजून घे" हे ज्याला कळत नाही त्यानं मोकळेपणानं "मला उघड सांग" म्हणावं, याला सातशे वर्षांपूर्वीच माउलींनी जागा करून दिली आहे. आणि देव रागावत नाहीत. अख्ख्या गीतेत "तुला एवढंही कळत नाही का" असं उत्तर या मागणीला मिळालेलं नाही. अर्जुनानं ती एकदाच केली असंही नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात केली, आज इथे केली, पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात पुन्हा करणार आहे. तीनदा. तिन्ही वेळा उत्तर मिळालं.

याच अध्यायाच्या आठव्या श्लोकात देव नियत कर्म करायला सांगतात. नियत म्हणजे ठरलेलं. त्याचा शास्त्रार्थ मोठा आहे, तो त्या दिवशी पाहू. मी त्यातून माझ्या कामापुरतं एक घेतलं आहे: जे आधी ठरवून ठेवता येतं ते आयत्या वेळी ठरवायला ठेवायचं नाही. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, गुरुवारी साबुदाणा, हे स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावलंय. पाच कुर्ते, एकाच शिवणीचे, रंग तेवढे वेगळे. दूध एकच, निळी पिशवी, ती नसली तर त्या दिवशी दूध नाही. हॉटेलात साधा डोसा. आईनंही आता दोनच गोष्टी विचारायच्या असं ठरवलंय, आणि मी गप्प राहिले तर पहिली धरायची. मावशीला हे सगळं कंटाळवाणं वाटतं. मला यात संध्याकाळच्या हरिपाठापुरती ताकद शिल्लक राहते, पूर्वी ती राहत नसे.

पण इथे एक धोका आहे, आणि तो बोलायलाच हवा. भाजी ठरवता येत नाही असं एकदा घरात ठरलं, की हळूहळू बाकीचंही तुमच्याशिवाय ठरू लागतं. माझ्या नावच्या ठेवीचं काय करायचं, मी कुठे राहायचं, आईनंतर माझं कोण करणार, या गोष्टी एका दिवाळीत माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारख्या बोलल्या गेल्या. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळ्यांना वाटलं, हिला त्रास नको. मी तेव्हा बोलू शकले नाही. रात्री लिहून काढलं आणि सकाळी सगळ्यांच्या चहाच्या कपाखाली एकेक कागद ठेवला. त्यावर एवढंच होतं: दूध तुम्ही ठरवा, ठेव मी ठरवेन, फक्त मला एक आठवडा द्या आणि प्रश्न कागदावर द्या.

कागद लिहिताना अठराव्या अध्यायातला त्रेसष्टावा श्लोक मनात होता. अर्जुन सारखा म्हणतोय तू ठरवून सांग, तू ठरवून सांग. देव सगळं सांगतात, अगदी हातचं न राखता, आणि शेवटाकडे म्हणतात, याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. सारथी आहेत, रथ हवा तिकडे वळवू शकतात. तरी निर्णय त्याच्या हातात परत देतात. आपल्याकडचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही, ज्यात ऑटिझम धरलेला आहे, आधारासाठी पालक नेमायची वेळ आली तर त्यानं त्या व्यक्तीच्या बरोबरीनं, परस्पर विश्वासानं निर्णय घ्यावा असंच सांगतो. मला वाचून सारथ्याचीच आठवण झाली. ठेवीचं मी आठव्या दिवशी सांगितलं. थोरल्या मामांना पटलं नाही, पण त्यांनी सही केली.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आज एवढं करून पाहा. "काय हवं?" असं मोघम विचारू नका, दोन गोष्टी नावानं विचारा आणि मग थांबा. उत्तराला वेळ लागेल. तो वेळ भरून काढायला तिसरी गोष्ट सुचवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

उद्या तिसरा श्लोक. अर्जुनानं एक मागितलं, आणि देव उत्तराची सुरुवात करतात ती "या जगात निष्ठा दोन प्रकारच्या आहेत" इथून! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं. पण ते दोन कोणाकोणासाठी, हेही ते तिथल्या तिथे सांगतात. ते उद्या सावकाश पाहू.

राम कृष्ण हरी.