उठू न शकणारी गाय

गाय व्याली, वासरू धडधाकट आहे, पण गाय उठत नाही. राळेगावच्या कापूसपट्ट्यात ज्या घरी एकच दुभते जनावर असते, तेथे या बातमीने सारे घर हवालदिल होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता गोठा उरलेला नाही. तरीही जो जीव आपल्या उपयोगी पडला आणि आज पडून आहे, त्याचे आपण किती देणे लागतो, हा प्रश्न त्यांनाही परका वाटू नये.

आधी वस्तुस्थिती पाहू. भरपूर दूध देणाऱ्या, तीन-चार वेतांच्या गायीच्या रक्तातील कॅल्शियम विण्याच्या सुमारास एकाएकी दुधात उतरते व तिचे स्नायू निकामी होतात. कान गार पडतात, मान कुशीकडे वळते. याला दुग्धज्वर म्हणतात; वास्तविक यात ज्वर नसतोच, अंग थंड पडते. (नाव ठेवणाऱ्याने गायीच्या कानाला हात लावला नसावा!) डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम सोडले की बहुतेक गायी काही तासांत उभ्या राहतात. उशीर झाला तर मात्र चार-पाचशे किलोंच्या भाराखाली पायाचे स्नायू व नसा दबून जातात. मग कॅल्शियम मिळूनही ती उठत नाही. अडलेले वासरू ओढताना नस दुखावली तरी हीच गत होते. म्हणून औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. अंगाखाली तणसाचा किंवा कुटाराचा जाड थर हवा, तिला छातीवर बसते ठेवावे, दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, पाणी व चारा तोंडाशी न्यावा. रात्रीसुद्धा. एवढे वजन एकट्या माणसाकडून हलत नाही.

2006 च्या जुलै महिन्यात पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली. यवतमाळ त्यांत होता. त्या योजनेतून शेतकऱ्यांना अनुदानावर दुभत्या गायी मिळाल्या. हेतू चांगला होता. परंतु कोरडवाहू मुलखात हिरवा चारा कोठून आणावा, ढेपेला पैसे कोठून काढावेत, हे विचारायचे राहून गेले. घरच्यांपेक्षा गाईचाच खर्च जड होऊ लागल्याच्या तक्रारी तेव्हा वृत्तपत्रांतून आल्या. अशा घरी गाय बसली, तर सरकीच्या बियाण्याचे पैसे तिच्या औषधाला लावावेत काय?

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाचा 2418 वा परिच्छेद येथे मोठा अवघड आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. आणि माणसाचे दुःख दूर करण्यास जो पैसा आधी लागायला हवा, तो जनावरांवर उधळू नये, असेही सांगतो. हा दुसरा भाग श्रीमंतांच्या लाडक्या कुत्र्यांना जितका लागू पडतो, तितका राळेगावच्या गोठ्याला लागू पडत नाही, असे आमचे मत आहे. तेथे गाय वाचली तर घर वाचते. शिवाय कूस बदलायला पैसा लागत नाही, माणसे लागतात. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात भावाचे जनावर वाटेत पडलेले दिसले तर काणाडोळा न करता त्याच्यासोबत ते उठवण्याची आज्ञा आहे. आज्ञा मालकाला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला आहे. जातीपातीचे, बांधाच्या भांडणाचे निमित्त काढून शेजारच्या गोठ्यात न जाणारा मनुष्य या आज्ञेतून सुटत नाही. मग तो दर रविवारी पहिल्या बाकावर का बसेना.

सर्व करूनही ती उठली नाही तर? 1928 साली साबरमती आश्रमात असाध्य यातनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी आपल्यासमक्ष डॉक्टरांकरवी सुई देऊन मरण देवविले. त्यावर टीकेचा भडिमार झाला. अहिंसेचा उपासक वासरू मारतो, हे लोकांना सोसवेना. त्यांनी निर्णय लपवला नाही, 'नवजीवन'मधून स्वतःच मांडला. वर्धा नदी ओलांडली की राळेगावकरांना त्यांचा सेवाग्राम दूर नाही.

गांधीजींचे ते कृत्य आम्हांस दयेचेच वाटते. मनुष्याच्या बाबतीत ही मुभा ख्रिस्ती विवेक देत नाही. जनावर आपल्या यातनेला अर्थ देऊ शकत नाही, हा फरक लहान नव्हे. परंतु पापाच्या भीतीने तिला पुढे व्रणांत, माश्यांत दिवसेंदिवस पडू देणे आणि त्यालाच भूतदया म्हणणे आम्हांस पटत नाही. त्याचबरोबर, ज्या घराने तिला एकदाही कुशीवर वळवले नाही, त्याने सुईची घाई करावी हेही मान्य होण्याजोगे नाही. राज्याच्या 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे. तेव्हा हा निर्णय एकट्या घरधन्याच्या माथी मारू नये. पशुवैद्याचे मत घ्यावे, शेजाऱ्यांनी सोबत बसावे. आणि वासराला पहिल्या काही तासांतच चीक मिळायला हवा. आईचा काढता आला नाही तर कोणाच्या गोठ्यातून आणायचा, हे गाय बसल्याच्या पहिल्या घटकेलाच ठरवावे.