टोळीतला फितूर

रानशेतच्या पाड्यांवर काय किंवा डहाणू-तलासरीतल्या कुठल्याही गावात काय, खोड्या करायला दोन्ही हात मोकळे मिळणारं पोर विरळाच. एक हात धाकट्या भावंडात अडकलेला असतो. आईबाप लावणीला नाहीतर कुणाच्या वाडीत मजुरीला गेले की सात-आठ वर्षांची पोर घरातली कर्ती. कडेवर धाकटा, मागे मधली, पुढे शेळ्या. आणि एवढ्या लवाजम्यासकट तिला ओहोळात खेकडे धरायचे असतात.

ते ती धरतेही. धाकट्याला बांधावर बसवायचं, खेळायला हातात पळसाचं पान द्यायचं, दगड हलकेच उचलायचा आणि नांग्या पोचणार नाहीत असा खेकडा मागून चिमटीत पकडायचा. तेवढ्यात धाकटा चिखलात उतरलेला असतो. संध्याकाळी धपाटा बसतो तो मोठीला.

चिकूचं प्रकरण याहून अवघड. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं 2016 साली. पोरांनी त्याची किंमत फार आधी ओळखली होती. पण कैरी पाडली, मीठ लावलं, खाल्ली, असं चिकूचं नाही. कच्चा चावला तर तोंड तुरट होतं आणि चीक ओठांना चिकटून चोरी उघडी पाडतो. म्हणून चिकू पेंढ्यात दडवून काही दिवस गप्प बसावं लागतं. मोठ्यांना ते जमतं. धाकट्याला कुठलं! तो घटकाघटकेला पेंढा उचकटणार आणि घरी आलेल्या माणसाला हाताला धरून तिथेच नेणार. टोळीतला फितूर नेहमी सर्वांत लहान. त्याला वगळायचीही सोय नाही, कारण त्याला सांभाळायच्या नावाखाली तर दिवसभर हुंदडायची मुभा!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत का येत नाहीत, याचं एक उत्तर असं कुणाच्या तरी कडेवरच बसलेलं होतं. मग त्यांनी विकासवाडी नावाच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. मोठीनं यायचं ते धाकट्याला घेऊनच. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळाच चरणीवर गेली. शिक्षणशास्त्रात हा प्रयोग फार गंभीर चेहऱ्यानं सांगितला जातो. मला त्यातली गंमत अधिक भावते. एरवी शाळेच्या दारात भावंडांची इयत्तेनुसार पांगापांग होते. इथे अख्खी टोळी आत घेतली, फितुरासकट. दोन शिक्षिकांनी हा उपद्व्याप आपणहून अंगावर घ्यावा, याला छातीच लागते.

आता पाड्यापाड्यांवर अंगणवाड्या आहेत, आश्रमशाळा आहेत. मोठी आश्रमशाळेत राहते आणि सुटीत घरी येते. आल्या आल्या ती धाकट्याला बेचकीचा नेम शिकवायला निघते, तर त्यानं तो शेजारच्या पोरांकडून कधीच शिकून घेतलेला असतो. मग जुंपते ती यावरच, की मी नसताना तुला हे शिकवलं कुणी!