टीकेचे मोल

सामायिक घराचा कारभार पाहणाऱ्यांच्या वाट्याला आभारांपेक्षा आरोपच अधिक येतात. वर्गणी वाढवली तर उधळपट्टी, न वाढवली तर नाकर्तेपणा. उलटपक्षी, हिशेब विचारणाऱ्या रहिवाशाला विघ्नसंतोषी ठरवून गप्प बसवण्याची रीतही सर्वत्र रूढ आहे. या दोहोंत न्याय कोणाच्या बाजूने, हे ठरवण्यापूर्वी एका घटनेकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील सर्फसाइड येथे चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत होती. ती १९८१ साली बांधलेली, १३६ सदनिकांची. कारभार रहिवाशांनीच निवडलेल्या मंडळाकडे होता. २०१८ साली मंडळाने नेमलेल्या अभियंत्याने कळवले की पोहण्याच्या तलावाभोवतीचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले असून खालच्या स्लॅबची मोठी हानी झाली आहे. खर्चाचा अंदाज ९० लाख डॉलरहून अधिक होता. मग वाद सुरू झाले. २०१९ मध्ये मंडळातील बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. एप्रिल २०२१ पर्यंत खर्च दीड कोटी डॉलरवर गेला आणि एकेका घरावर सुमारे ८० हजारांपासून ३ लाखांहून अधिक डॉलरपर्यंत बोजा पडला. वसुली सुरू होण्याच्या तोंडावर, २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसे दगावली.

केवळ विलंबामुळे हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तलावाभोवतीच्या भागाच्या मूळ आराखड्यातच उणिवा होत्या, असे सरकारी तपासात पुढे आढळले. परंतु नैतिक प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. ज्याचे घर, त्याला खर्चाविषयी बोलण्याचा अधिकार किती?

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्र’ ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक असते आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला, असे तो सांगतो. तेव्हा रहिवाशाची टीका ही उपद्रव नव्हे, ती कारभाराचा भागच आहे. मात्र या दृष्टांताला एक मर्यादा आहे. जेवणारा आजच जेवून उठतो; घरात वीस वर्षांनी राहायला येणारा आजच्या सभेत हात वर करू शकत नाही. आज वाचवलेली वर्गणी ही पुष्कळदा बचत नसते, त्या अनुपस्थित माणसाच्या नावावर काढलेले कर्ज असते.

आपल्या महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी हे ओळखले आहे. बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी व पाव टक्का सिंकिंग फंडासाठी दरवर्षी बाजूला ठेवावा, असे ते सांगतात. तरीही मेंटेनन्स कमी ठेवणारी कमिटी लोकप्रिय ठरते. पुढे प्लॅस्टर कोसळू लागले की एकदम लाखाची मागणी होते. त्या दिवशी पगारदार कुटुंब कर्ज काढते. पेन्शनवर जगणारी विधवा काय करणार? तिचा विरोध कंजूषपणाचा नसतो. म्हणून थोडे थोडे, वेळेवर गोळा करणे हे गरिबाच्या बाजूने उभे राहणे आहे, असे आम्ही मानतो.

यातून दोन्ही बाजूंवर कर्तव्य येते. कमिटीने अभियंत्याचा अहवाल, आलेली टेंडरे आणि निधीतील शिल्लक ठराव मांडण्यापूर्वी, सर्वांना समजेल अशा भाषेत पुढे ठेवावी. मागितल्यावर दिलेला हिशेब संशय फेडतो; न मागता दिलेला विश्वास जोडतो. टीकाकाराने जिन्यातली कुजबुज सोडून सभेत उभे राहावे, आणि ‘हे नको’ म्हणताना ‘मग काय, आणि त्याचा भार कोणी उचलावा’ हेही सांगावे. ज्या टीकेत स्वतःचा वाटा धरलेला नसतो, ती दुसऱ्याच्या खिशाविषयीची चर्चा ठरते.

सर्फसाइडनंतर, २०२२ मध्ये, फ्लॉरिडाने कायदा करून उंच इमारतींची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली आणि मुख्य बांधकामाचा राखीव निधी मतदानाने टाळण्याची मुभा काढून घेण्याचे ठरवले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी प्रामाणिकपणे बोलून जे ठरवायचे, ते सरकारला हुकूम काढून करावे लागले. येत्या वार्षिक सभेची नोटीस हाती पडेल तेव्हा चहापाण्याच्या खर्चाआधी निधीच्या रकमेवर बोट ठेवावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.