भाडेकरूची दुचाकी आणि सोसायटीची सुरक्षितता

भाडेकरूंना आवारात वाहन लावू न देण्याचे जे ठराव गृहनिर्माण सोसायट्या करतात, त्यांच्या समर्थनार्थ जागा अपुरी आहे, देखभालीचा खर्च मालक भरतात, पूर्वीपासून हीच पद्धत आहे अशी कारणे दिली जातात आणि त्यांवर फार वेळ घालविण्याचे प्रयोजन नाही. ‘सुरक्षितता’ हे कारण मात्र वेगळे आहे, कारण ते उच्चारले की सर्वसाधारण सभेत पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि नाशिकसारख्या मध्यम आकाराच्या शहरात नोकरीसाठी येणाऱ्या माणसाचा घरशोध या एका शब्दापाशी अडतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर असते. हा करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ प्रकारचा, म्हणजे जागेत हक्क निर्माण न करता ती ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी देणारा असतो. ऑनलाइन नोंदणीत भाडेकरूचे छायाचित्र व आधारशी पडताळलेला अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्याची माहिती पोलीस ठाण्याला दिली जाते, आणि एवढे झाल्यावरही व्यवस्थापक समिती त्याला बोलावून गाव कोणते, लग्न झाले आहे का, मांसाहार करता का, घरी कोण येते-जाते असे प्रश्न विचारते. इमारतीतील सर्व रहिवाशांत ज्याची ओळख सर्वाधिक वेळा तपासली गेली तोच सर्वाधिक धोकादायक, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो हे एकाही समितीने सांगितलेले नाही. हाच माणूस पुढच्या वर्षी त्याच इमारतीत सदनिका विकत घेतो तेव्हा खरेदीखताच्या नोंदणीबरोबर त्याच्यापासूनचा धोकाही संपतो, म्हणजे भय माणसाचे नसून त्याच्या मालमत्ताहीनतेचे असते. शिवाय धोका माणसातच आहे असे घटकाभर मानले, तरी तो माणूस तिसऱ्या मजल्यावर झोपलेला असतो आणि फाटकाबाहेर राहते ती त्याची दुचाकी. तिला बाहेर ठेवल्याने आतल्या कोणाचे रक्षण होते? त्याच आवारात कापडी आवरण घालून महिनोन्‌महिने उभी असलेली, टायरमधली हवा गेलेली चारचाकी मात्र सुरक्षिततेच्या आड येत नाही, कारण ती सदस्याची असते.

या ठरावांमुळे कोणाची तरी सुरक्षितता खरोखर कमी होते, आणि ती भाडेकरूची असते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून दुसरी पाळी संपवून किंवा रुग्णालयातून उशिरा परतणाऱ्या स्त्रीला रस्त्याच्या कडेला, कित्येकदा पुढच्या गल्लीत, दिवे नसलेल्या ठिकाणी दुचाकी लावून इमारतीपर्यंत एकटीने चालावे लागते. घर पाहायला आलेले लोक सुरक्षितता, भाडे आणि पार्किंग हे तीन स्वतंत्र रकाने समजून त्यांची तुलना करतात, परंतु तिच्या दृष्टीने वाहनाची जागा हाच सुरक्षिततेचा प्रश्न असतो, आणि फाटकाच्या आत गाडी लावता येणाऱ्या घरासाठी जे जास्तीचे भाडे ती मोजते ते वस्तुतः सोसायटीच्या ठरावाने तिच्यावर लादलेले असते.

जागा मर्यादित आहे हे कोणी नाकारत नाही. नगररचनाशास्त्रात ‘समतुल्य कार जागा’ नावाचे एक मोजमाप वापरतात. त्यात एक गाडी आणि तिच्या ये-जा व वळण्यासाठी लागणारा मार्ग मिळून उघड्यावर सुमारे 23, तर तळघरात सुमारे 32 चौरस मीटर जागा धरली जाते; तुलनेसाठी, 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराला 30 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र होते. एवढी मौल्यवान जागा न हलणाऱ्या गाडीने अडवावी आणि रोज लागणारी दुचाकी रस्त्यावर राहावी, ही वाटणी अन्यायाची आहे. स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी जागा, बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मुंबईतील पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितले. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकारी संस्थांसाठी शासनाने नमुना म्हणून दिलेल्या नियमांनुसार, सदस्याला सामान्यतः एकच जागा मिळते आणि दुसरी केवळ उरली तरच, तीही वर्षापुरती. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ज्याला 2001 च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे भाडेकरू असलेल्या सदनिकेमुळे संस्थेचे उत्पन्न वाढतेच. भाडेकरू सदस्य नसतो हे खरे, पण तो ज्या सदस्याच्या घरात राहतो त्याची जागा घर भाड्याने देताच नाहीशी व्हावी, याला न्यायाचा आधार सापडत नाही. उपविधींची पुस्तिका प्रत्येक संस्थेच्या कपाटात असते. सभेपूर्वी ती उघडण्याची सवय मात्र अद्याप लागलेली नाही.

भाड्याबद्दल नीतिविचार फारसे काही करू शकत नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोड महाग राहणार आणि पाथर्डी फाटा त्या मानाने स्वस्त, आणि स्वस्त घरातील बचत पेट्रोलमध्ये किती जाईल व ‘सिटीलिंक’ या शहर बससेवेची बस आपल्या पाळीनंतर मिळते का, हे ज्याचे त्याने पाहावे. वाहनाची जागा करारात लिहून घ्यावी आणि घर दुपारी पाहिले असेल तर रात्री पुन्हा पाहावे, एवढे नवख्याला सुचविता येते. ज्या समित्यांना भाडेकरूंचे वाहन बाहेर ठेवण्याचा ठराव सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटतो, त्यांनी रात्री अकरा वाजता त्या वाहनापासून फाटकापर्यंतच्या अंतरात काही घडल्यास उत्तरदायी कोण, हे त्याच ठरावात नमूद करून त्याखाली सह्या कराव्यात.